जादूगार खोटे बोलतो का?



संत जॉन बॉस्को यांच्या सणाच्या दिवशी, ३१ जानेवारीला, धर्मशिक्षणाच्या मुलांसाठी हॉलमध्ये जादूचे प्रयोग ठेवावेत, अशी सूचना आपल्या युवकांनी मांडली. ती कानावर जाताच काही पालक आम्हाला भेटून गेले. वर्गात मुलांना जादूटोण्यापासून दूर राहायला शिकवायचे आणि सणाला जादूगारालाच आमंत्रण द्यायचे, हे कसे, असा त्यांचा प्रश्न. एका आईने त्याच्याही पुढचे विचारले. ती म्हणाली, "फादर, भुताखेताचं सोडा. पण तो माणूस मुलांना फसवतोच ना? आणि आपण तर त्यांना आठवी आज्ञा शिकवतो."

पहिला प्रश्न सोपा आहे, दुसरा नाही. म्हणून पहिला आधी मिटवू.

आपल्या भाषेत 'जादू' या एकाच शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी जाऊन बसल्या आहेत. जुन्या माणसांकडे खेळासाठी निराळे शब्द होते: हातचलाखी, नजरबंदी. बाजारात गारुडी टोपलीखालून आंबा काढायचा तेव्हा कोणी त्याला चेटक्या म्हणत नसे. पुण्याचे जादूगार रघुवीर यांचे प्रयोग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनाही आपण कला पाहायला आलो आहोत हे ठाऊक असायचे. बायबलमध्ये अनुवादाच्या अठराव्या अध्यायात ज्यांना मनाई आहे ते शकुन पाहणारे, चेटूक करणारे, मृतांना प्रश्न विचारणारे आहेत. म्हणजे जे देवाच्या हाती आहे ते आपल्या मुठीत असल्याचा दावा करणारे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातला शोमरोनचा शिमोन तसाच. आपण कोणी मोठे आहोत असे तो सांगत फिरला आणि शेवटी पवित्र आत्म्याचे दानही पैसे मोजून मागू लागला. पत्त्यांचे खेळ करणारा बिचारा असले काही म्हणत नाही. तो आपली बाही वर करून दाखवतो, तिकिटाचे पैसे घेतो आणि शेवटच्या बसने घरी जातो.

खुद्द डॉन बॉस्को हे काम चांगले जाणत होते. बेकी या खेड्यात लहानपणी त्यांनी जत्रेतल्या खेळवाल्यांना निरखून निरखून त्यांचे डाव उचलले. मग कुरणात दोर बांधून त्यावर चालायचे, हातचलाखी करायची. मात्र त्याआधी जमलेल्यांनी रोझरी म्हणायची आणि सकाळचा उपदेश त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकायचा, ही अट. (आमच्या उपदेशाला लोक पुन्हा थांबतील अशी युक्ती आम्हाला अजून सापडलेली नाही.) पुढे चिएरी येथे शिकत असताना ते ज्यांच्या घरी राहत, ते भाविक गृहस्थ या प्रकारांनी पार हादरून गेले. ताटात शिजवलेली कोंबडी म्हणून झाकण उघडावे तर आतून जिवंत कोंबडा आरवत बाहेर. बाटलीतून द्राक्षारस ओतावा तर पाणी. हा सैतानाचा कारभार, असे त्यांच्या मनाने घेतले. गोष्ट वरिष्ठ धर्मगुरू कॅनन बुर्झिओ यांच्यापर्यंत गेली आणि त्यांनी जॉनला चौकशीसाठी बोलावले.

पुढचे डॉन बॉस्को यांनी आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवले आहे. उत्तर द्यायला पाच मिनिटे द्या, असे म्हणून जॉनने त्यांना किती वाजले ते विचारले. कॅनन खिसे चाचपू लागले तर घड्याळ नाही. एखादे नाणे तरी द्या, म्हटले तर पाकीटही नाही. कॅनन संतापले. तेव्हा जॉनने समजावून सांगितले: मी आलो तेव्हा तुम्ही एका गरिबाला दान देत होता, पाकीट गुडघे टेकायच्या बाकावर राहिले, घड्याळ आतल्या खोलीत टेबलावर. दोन्ही मी उचलली, ही पाहा दिव्याच्या झाकणाखाली आहेत. कॅनन पोटभर हसले आणि त्यांनी त्याला बक्षीस देऊन निरोप दिला.

या प्रसंगात आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो शेवटचा भाग. ज्या क्षणी समोरच्या माणसाने गंभीरपणे विचारले, त्या क्षणी जॉनने सगळे उघड करून दाखवले. कॅननच्या भीतीवर त्याने आपला मोठेपणा उभारला नाही. हेही सांगितले पाहिजे की १८३५ साली झगा स्वीकारताना हे खेळ सोडण्याचा निश्चय त्यांनी केला होता. तरी पुढे पोरक्या, भटक्या मुलांना जवळ आणण्यासाठी ही विद्या त्यांनी पुन्हा बाहेर काढली. १९३४ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना संतपद दिले आणि आज अनेक कॅथलिक जादूगार त्यांना आपले आश्रयदाते मानतात. तेव्हा सणाचा मुद्दा मिटला, असे आम्ही समजतो.

आता त्या आईचा प्रश्न. फसवणूक ती फसवणूकच ना?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत ऑगस्टिन यांच्या 'स्वगत संवाद' या तरुणपणीच्या ग्रंथाशी आमची ओळख झाली. ३८६-३८७च्या सुमाराचे हे लिखाण. बाप्तिस्मा अजून व्हायचा होता, आणि नाटकांचे जबरदस्त वेड मागे टाकलेला हा माणूस विचारतो की खोटे म्हणजे नेमके काय. त्यांनी दोन प्रकार वेगळे काढले. एकाला समोरच्याला फसवायचेच असते. दुसरा जे नाही ते दाखवतो, पण त्याचा हेतू रंजनाचा असतो: नट, विनोद करणारा, गोष्ट सांगणारा. मग ते रोस्कियस या प्रसिद्ध रोमन नटाचे उदाहरण देतात. रंगमंचावर तो हेकुबा राणी होतो. ती राणी खोटी. पण ती खोटी असल्याशिवाय तो खरा नट होऊच शकत नाही. चित्रातला घोडा खरा घोडा असता तर ते खरे चित्र राहिले नसते.

आमच्या दशावताराच्या आणि नाटकांच्या मुलखात हे समजायला जड जाऊ नये. रावण झालेल्या नटाला पहाटे चहा पाजताना कोणी घाबरत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही नटांचा व्यवसाय स्वतःमध्ये पापाचा नाही, असा निर्वाळा दिला आहे. माणसाच्या मनाला विसावा लागतो आणि त्या विसाव्याची सेवा करणे हे काम आहे, असे त्यांचे म्हणणे.

तरीही नट आणि जादूगार यांत एक फरक उरतो. नट रावण नाही हे आपल्याला दिसत असते; जादूगाराच्या बाबतीत मात्र रुमाल नेमका कुठे गेला हे आपल्याला खरोखरच कळत नाही. म्हणजे आपण फसतोच. पण फसण्याची परवानगी आपण दारातच दिलेली असते. ही परवानगी हाच आमच्या मते सगळ्याचा कणा आहे. ती आहे तोवर खेळ. ती न घेता तीच हातचलाखी केली, की खोटी साक्ष. हाताची हालचाल दोन्हीकडे तीच.

हे विसाव्या शतकात ज्यांनी सर्वांत अधिक भोगले ते हॅरी हुडिनी. १८७४ साली बुडापेस्टमध्ये जन्मलेला हा एका यहुदी रब्बीचा मुलगा अमेरिकेत वाढला आणि बेड्या, पेट्या, कुलपे यांतून सुटून दाखवण्यात जगप्रसिद्ध झाला. तरुणपणी, पोटासाठी, त्यांनी आणि त्यांच्या पत्नी बेस यांनी काही काळ 'माध्यम' म्हणूनही प्रयोग केले होते. मृतांचे निरोप सांगायचे, त्यासाठी आधी गावाच्या दफनभूमीत जाऊन थडग्यांवरची नावे टिपून घ्यायची. मोठेपणी त्यांनी हे स्वतः कबूल केले, आणि तेव्हा आपल्याला त्याचे गांभीर्य कळले नव्हते असे सांगितले. १९१३ साली त्यांची आई वारली. मग ते स्वतःच खऱ्या माध्यमाच्या शोधात हिंडू लागले आणि जिथे जावे तिथे त्यांना आपल्याच धंद्यातले डाव दिसू लागले.

शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉईल हे त्यांचे मित्र. डॉईल कॅथलिक घरातले, जेझुइट फादरांच्या शाळेत शिकलेले. पुढे त्यांनी श्रद्धा सोडली. मृतात्म्यांशी संपर्क साधण्याकडे त्यांचा ओढा जुनाच होता. त्यात १९१८ साली मुलगा किंग्जली आणि १९१९ साली धाकटा भाऊ इनेस गेला, आणि ते या मताचे जगभर प्रचारक बनले. जून १९२२ मध्ये अटलांटिक सिटी येथे डॉईल यांच्या पत्नीने हुडिनींच्या आईचा निरोप म्हणून पानेच्या पाने लिहून काढली. माथ्यावर क्रूस काढलेला, मजकूर इंग्रजीत. हुडिनी गप्प बसून राहिले. त्यांची आई रब्बीची बायको, ती क्रूस कशाला काढेल? इंग्रजी तर तिला धड येतच नव्हते. शिवाय तो तिचा वाढदिवस होता आणि त्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

डॉईल दांपत्य लबाड नव्हते, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी एक पैसा घेतला नाही. सांत्वन करावे एवढाच त्यांचा हेतू होता. तरी त्या मुलाच्या मनाला काय वाटले असेल! आईची आठवण काढून कोणी परक्या आवाजात बोलावे, आणि तुम्ही त्याला 'आई' म्हणावे अशी अपेक्षा धरावी.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट हुडिनींचे वकील बर्नार्ड अर्न्स्ट यांनी नोंदवून ठेवली आहे. हुडिनींनी डॉईल यांना आपल्या घरी बोलावले, तारांनी पाटी टांगली आणि त्यांना बाहेर जाऊन चिठ्ठीवर काहीही लिहायला सांगितले. डॉईल रस्त्यावर दूर गेले आणि दानिएलाच्या पुस्तकात बेलशस्सर राजाच्या भिंतीवर उमटलेले शब्द लिहून परतले. मग शाईत बुडवलेली एक गोळी पाटीवरून आपोआप फिरू लागली आणि तिने नेमके तेच शब्द लिहिले. डॉईल थक्क झाले. हुडिनींनी त्यांना बजावले की ही निव्वळ युक्ती आहे, आणि उलगडा होत नाही एवढ्यावरून कशालाही अलौकिक समजू नका. परिणाम उलटाच झाला. हुडिनी हे स्वतःच मोठे माध्यम असून ते लपवतात, असे डॉईल यांचे मत पक्के झाले. १९३०च्या आपल्या पुस्तकात, म्हणजे हुडिनी वारल्यानंतरही, त्यांनी ते आग्रहाने मांडले.

विचार करा. जादूगार ओरडून सांगतो आहे की ही हातचलाखी आहे, आणि तर्कबुद्धीचा सर्वांत प्रसिद्ध नायक ज्याने निर्माण केला तो लेखक म्हणतो, नाही, तुम्ही खोटे बोलता. कॉटिंग्ले गावातल्या दोन मुलींनी १९१७ साली काढलेली पऱ्यांची छायाचित्रेही डॉईल यांनी खरी मानली आणि त्यांवर १९२२ साली पुस्तक लिहिले. १९८३ साली त्या मुलींनी, तोवर त्या आजीबाई झाल्या होत्या, कागदाची कापलेली चित्रे उभी केल्याचे मान्य केले. एवढ्या मोठ्या माणसाला फसवल्यावर खरे सांगायची लाज वाटली, असेही त्यांच्यातल्या एकीने सांगितले.

इथे त्या आईच्या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. ती फसवणाऱ्याबद्दल विचारत होती. आम्हाला फसणाऱ्याबद्दलही विचारावेसे वाटते. डॉईल यांना कोणी जबरदस्तीने फसवले नाही. त्यांना ते हवे होते. दुःखाला दोष देण्याचे आमचे धाडस नाही. गेल्या काही वर्षांत या धर्मग्रामात ज्यांची मुले दफन करण्याची वेळ आली त्यांच्या घरी आम्ही बसलो आहोत. पण त्याच घरांतून कोणी भगताकडे जातो, कोणी शहरात कुठे तरी 'आवाज काढणाऱ्या' बाईकडे, हेही आम्हाला माहीत आहे. आता तर संगणकही चार ध्वनिमुद्रणांवरून मृत माणसाचा आवाज हुबेहूब काढतो. नातवाने प्रेमाने आजोबांचा असा आवाज तयार करून आजीला ऐकवला तर? उद्या हा प्रश्न आपल्यापुढे येणारच आहे. आजीला आधी सांगितले असेल, तर ते एका अर्थी छायाचित्रच. न सांगता ऐकवले, तर ते अटलांटिक सिटीचे कागद.

नोव्हेंबरच्या २ तारखेला आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावतो, मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो. त्यांच्याकडून उत्तर मात्र मागत नाही. हा संयम कठीण आहे. हुडिनी ३१ ऑक्टोबर १९२६ रोजी वारले. त्यांच्या पत्नीने दहा वर्षे दरवर्षी त्या तारखेला त्यांच्या खुणेच्या शब्दाची वाट पाहिली आणि १९३६ साली थांबवले. आम्हाला वाटते, त्या बाईने दहा वर्षांत जे सोसले त्याला प्रार्थना म्हणायला हरकत नसावी.

पण फसून घेण्यामागे नेहमी दुःखच असते असे नाही. कधी लाज असते. 'दोन किहोते'चा लेखक सर्व्हांतेस याचे १६१५ साली छापलेले एक छोटे विनोदी नाटक आहे. त्याला 'अद्भुतांचा खेळ' म्हणता येईल. एका खेड्यात दोन भामटे येतात आणि सांगतात की आमच्या खेळातले चमत्कार सर्वांना दिसत नाहीत. ज्याचा जन्म औरस आणि ज्याच्या रक्तात धर्मांतर केलेल्या पूर्वजाचा एक थेंबही नाही, त्यालाच दिसतात. त्या काळच्या स्पेनमध्ये ज्याच्या घराण्यात कोणी यहुदी वा मुसलमान पूर्वज निघे, त्याला मानाची जागा मिळणे कठीण होते. मग काय, पडद्यावर काहीच नसताना सगळे गाव पाहू लागते: शमशोन मंदिर पाडतो आहे, बैल उधळला आहे, उंदरांचा लोंढा आला म्हणून बायका किंचाळतात, यार्देनेच्या पाण्याने माणसे 'भिजतात'. गावचा गव्हर्नर मनातल्या मनात म्हणतो की मला तर काहीच दिसत नाही, पण अब्रूसाठी दिसते असे म्हणावे लागेल. शेवटी बाहेरून एक लष्करी अधिकारी येतो, मला काही दिसत नाही असे सरळ सांगतो, आणि सगळे त्याच्यावरच तुटून पडतात: तूही 'त्यांच्यातलाच'!

हे नाटक आम्ही जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा हसू येते आणि मग हसू थांबते. कारण तिथे भामटे फारसे काही करतच नाहीत. सारा खेळ गाव स्वतःच करते. आणि शिक्षा कोणाला, तर न दिसणाऱ्याला.

आता जरा अवघड बोलतो. मार्च २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याच्या इर्ला भागात एका चर्चबाहेरच्या क्रूसावरील ख्रिस्तमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. गर्दी जमली, लोक ते पाणी भरून नेऊ लागले. सनल एडामारुकू हे बुद्धिवादी कार्यकर्ते तिथे आले, त्यांनी आजूबाजूचे बांधकाम तपासले आणि सांगितले की जवळचे गटार तुंबले आहे आणि वातीतून तेल चढावे तसे ते पाणी भिंतीतून चढून येते. यानंतर चर्चवर आणि धर्मगुरूंवर त्यांनी बरीच कठोर टीकाही केली, ती आम्हाला मान्य नाही. परंतु आपल्यापैकीच काहींनी त्यांच्याविरुद्ध धर्मभावना दुखावल्याच्या तक्रारी पोलिसांत केल्या आणि त्याच वर्षी ते देश सोडून फिनलंडला गेले. गटाराविषयीचे त्यांचे म्हणणे खरे की खोटे, हे पाहायला एक कुदळ पुरली असती. आपण कुदळ सोडून पोलीस ठाणे गाठले. सर्व्हांतेसच्या गावाने त्या लष्करी माणसाचे जे केले, त्याहून हे फार वेगळे होते असे आम्हाला म्हणवत नाही.

पुढच्याच वर्षी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्यांचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन बुवांचे 'चमत्कार' करून दाखवत आणि लगेच त्यामागची युक्ती सांगत. चिएरीच्या त्या खोलीत जॉन बॉस्कोने कॅननसमोर केले तेच. देवाविषयी दाभोलकरांचे आणि आमचे मत एक नव्हते. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि त्याने आमच्या श्रद्धेचे एक बोटभरही नुकसान झाल्याचे आम्हाला दिसत नाही.

ख्रिस्तसभेची स्वतःची रीतही खरे तर हीच आहे. लूर्ड येथे १८८३ पासून डॉक्टरांचे कार्यालय आहे. कोणत्याही धर्माच्या वा धर्म न मानणाऱ्या डॉक्टरलाही तिथे तपासणीत भाग घेता येतो. आजवर बरे झाल्याचे हजारो दावे आले. त्यांतून बिशपांनी चमत्कार म्हणून मान्य केलेले सत्तरच्या थोडेच वर आहेत. बाकी सगळे खोटे, असा त्याचा अर्थ नव्हे. पण डॉक्टरला दार बंद नाही आणि घाईही नाही.

म्हणून मोबाईलवर फिरणारे, डोळ्यांतून अश्रू गाळणाऱ्या मूर्तींचे व्हिडिओ कृपया आम्हाला पाठवून 'फादर, आमेन म्हणा' असा आग्रह धरू नका. आणि आपल्या चर्चच्या भिंतीतून उद्या पाणी झिरपू लागले, तर आम्ही आधी प्लंबरला बोलावू आणि मगच बिशपांना कळवू. दोघांचे येऊन होईपर्यंत ते पाणी कोणी बाटलीत भरून घरी नेऊ नये, एवढी विनंती आताच करून ठेवतो.